फिन चिकटवण्याआधी, बाई, एवढं ऐक

अगं, रेझिनचा डबा आलेला फोटोत पाहिला. झाकण अजून उघडू नकोस. बोर्ड दोन गोधड्यांवर पालथा घाल, खालची बाजू वर येऊ दे, आणि त्याच्याशेजारी जरा निवांत बस. फळीचा आकार तू घासून-घासून आणलास, तो आता बदलायचा नाही. पण फिन, म्हणजे फळीखालचं ते उभं पातं, कुठे बसते आणि किती तिरकी बसते, त्यावर ही फळी पाण्यात ऐकणारी निघेल की हट्टी, ते ठरायचं आहे. तू म्हणालीस, 'ताई, सकाळी तासाभरात फिन्स लावून टाकते.' तेवढ्यावरूनच माझा जीव खालीवर झाला. फोनवर बाबा मागे उभे होते, तू घाईत होतीस, म्हणून बोलले नाही. आता बोलते.

आधी एक मनातलं. नालवाडीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि ही पोरगी अंगणात लाटेवरची फळी काऊन घासत बसते, असं लोक तुला विचारतात ना? विचारू देत. आपल्या गावाला हाताने वस्तू करण्याचं वावडं कधीच नव्हतं. १९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीत राहायला आले, १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं, इथे सूत कातलं गेलं, चामडं कमावलं गेलं. चांगली वस्तू आपल्या हाताने, मोजूनमापून, नीट करायची, ही इथली रीत आहे. आणि तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याच १९३२ साली तिकडे अमेरिकेत टॉम ब्लेक नावाच्या माणसाला आतून पोकळ अशा लाकडी बोर्डाचं पेटंट मिळालं. तुझा बोर्ड त्याच जातीचा, आत फासळ्या आणि वर पातळ लाकूड. म्हणून मी तुला पहिल्यापासून सांगत आले की वर्ध्यात लाकूड मिळतं, सुतार मिळतो, फोम मिळायची वाट बघू नकोस.

या ब्लेकनेच पुढे १९३५ मध्ये वायकिकीला बोर्डाखाली पहिली फिन बसवली. मोडक्या स्पीडबोटीचा कणा होता तो, फूटभर लांब आणि चारेक इंच खोल. तोवर बोर्ड खालून सपाट असत, आणि लाटेवर आडवं जायला लागलं की शेपूट घसरून बाहेर फेकली जाई. लोक मागचा पाय पाण्यात बुडवून दिशा सांभाळत. फिन आली आणि शेपटीला पाण्यात पकड मिळाली. एवढं एकच मूळ काम आहे फिनचं: बोर्डाला पुढे जाऊ द्यायचं आणि आडवं घसरू द्यायचं नाही. जागा, कोन, उंची, मागे झुकलेपण हे सगळं त्या एका कामातलं कमी-जास्त करणं आहे. हे डोक्यात पक्कं राहिलं तर तुला कुणाच्या मापांची वही पाठ करावी लागणार नाही.

कोनाचं म्हणशील तर ते तुला वेगळं शिकवायला नको. तू चरख्यावर बसलेली आहेस. चातीच्या टोकापासून धागा तिरका धरलास की त्याला पीळ बसतो, आणि तोच धागा चातीला काटकोनात आणलास की तो गुंडाळला जातो. चाती तीच, वेग तोच, हात थोडा फिरला आणि कामच बदललं. फिनचंही असंच आहे. पाण्याला ती सरळ सामोरी गेली तर नुसती चिरत जाते. दोन-तीन अंश तिरकी झाली की पाणी तिला एका बाजूने ढकलायला लागतं, आणि त्या ढकलण्यातून वळण मिळतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. पवनारला धाम नदीला अजून पाणी असेल. गुडघ्याच्या खाली पाणी आहे आणि तळ दिसतो आहे अशाच जागी, आणि कुणाला तरी सोबत घेऊनच जा. प्लायची घासलेली फिन हातात उभी धरून वाहत्या पाण्यात बुडव. धार पाण्याच्या सरळ रेषेत ठेव, हाताला जवळजवळ काहीच लागणार नाही. आता मनगट किंचित फिरव. फिन एका बाजूला ओढायला लागेल, आणि ती ओढ तुझ्या अंदाजापेक्षा जास्त असेल. आणखी फिरव, ओढ वाढेल. मग एका ठिकाणी, साधारण बारा-पंधरा अंशांच्या पुढे, ती ओढ एकदम ढिली पडेल आणि पाणी नुसतं मागे रेटायला लागेल, फिनच्या मागे भोवरे उठतील. तिथे फिनचं काम संपलं आणि अडथळा सुरू झाला. हे एकदा हाताला कळलं की 'टो, म्हणजे फिनचं आत वळलेपण, जास्त ठेवला तर बोर्ड लवकर वळेल ना' असा प्रश्न तू पुन्हा विचारणार नाहीस.

आता मुद्द्यावर येते. तुझी वही मी पाहिली. तीन फिन्सची मापं लिहिली आहेस, मधली शेपटीपासून सव्वातीन इंच, बाजूच्या अकरा इंच, कडेपासून सव्वा इंचाच्या आत. मापं चुकीची नाहीत. पण ती सहा फुटी, पातळ, अणकुचीदार बोर्डाची मापं आहेत, जोरकस लाटेवर झटपट वळणं घेणाऱ्या माणसासाठी काढलेली. तुझा बोर्ड सात फुटांच्या वर आहे, रुंद आहे, लाकडाचा म्हणून जड आहे. आणि तू येणार आहेस दिवाळीनंतर, आमच्या गोव्यातल्या मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर. इथे पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरायचंच नाही. पावसाळा सरला की लाट लहान होते, मऊ होते, वाळूच्या पट्ट्यावर येऊन हळूच फुटते. कंबरेएवढी लाट मिळाली तर चांगला दिवस म्हणायचा. त्या लाटेत मुळात जोर कमी. तिथे तीन फिन्स, त्यातल्या दोन आत वळवलेल्या आणि बाहेर कललेल्या, म्हणजे असलेला थोडका वेगही आपणच खायचा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या बोर्डाला मधोमध एकच फिन, आणि तीही पुढे-मागे सरकणारी.

मला माहीत आहे, तुला हे ऐकून वाईट वाटेल. तीन फिन्सचा बोर्ड खरा, एक फिन म्हणजे जुनाट, असं तुझ्या मनात बसलं आहे. त्या तीन फिन्सची गोष्ट ऐक. ऑस्ट्रेलियात मार्क रिचर्ड्सने दोन फिन्सच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ सलग चार वेळा जागतिक विजेतेपद घेतलं. सगळे दोन फिन्सच्या मागे लागले. पण सिडनीचा सायमन अँडरसन उंच, भारी अंगाचा. दोन फिन्सचा बोर्ड त्याच्या वजनाखाली निसटायचा. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये त्याने एका मित्राच्या बोर्डावर दोन फिन्सच्या मागे एक चिमुकली तिसरी पाहिली, आणि तिन्ही जवळपास सारख्या आकाराच्या केल्या तर काय होईल, असा विचार केला. त्यातून त्याचा 'थ्रस्टर' झाला, आणि १९८१ मध्ये बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत तो त्यावर जिंकला. त्याचं पेटंट त्याने कधी घेतलं नाही, सगळ्या जगाने तो बोर्ड उचलला. आता यातलं मला मोलाचं काय वाटतं सांगू? त्याने दुसऱ्याच्या बोर्डाची मापं उतरवून घेतली नाहीत. आपलं वजन, आपला पाय, आपल्या लाटा बघून त्याने फिन हलवली. तुलाही तेच करायचं आहे, आणि ते करायला सरकणारी एक फिन हे सगळ्यांत चांगलं साधन आहे.

तर फिन बॉक्स घे. दहा इंच लांबीची खोबण असते, आत चौकोनी नट असलेली छोटी पट्टी सरकते, वरून एक स्क्रू. स्क्रू ढिला केला, फिन अर्धा इंच पुढे घेतली, पुन्हा आवळला, झालं. बोर्ड बंद करण्याआधी शेपटीत सागवानी ठोकळा बसवायला मी सांगितलं होतं आणि तू तो बसवलास, फार चांगलं केलंस. पोकळ बोर्डात नुसत्या पातळ फळीवर फिन कधी टिकत नाही, पहिल्याच जोराला फळीसकट उपटून निघते. मी इथे बोर्ड दुरुस्तीच्या शेडमध्ये असले फाटलेले तळ बघते, भरायला सगळ्यात किचकट काम तेच. बॉक्सची खाच त्या ठोकळ्यातच खोदायची, आणि ती साधारण इंचभर खोल जाते, म्हणून शेपटीची जाडी आधी मोज. शेपूट टोकाकडे निमुळती होत जाते. फार मागे गेलीस तर पटाशी वरच्या बाजूने बाहेर येईल.

माझ्या मते खोबणीचं मागचं टोक शेपटीच्या टोकापासून पाच इंचांवर ठेव. फिन सात इंच उंच पुरे. बोर्डाच्या दर फुटाला फिनचा एक इंच, असा जुना ठोकताळा आहे, तो एका फिनच्या बोर्डाला बराच लागू पडतो. फिनचा पाया सहाएक इंचांचा असेल, म्हणजे खोबणीत तुला चारेक इंच सरकायला जागा मिळते. पहिल्या दिवशी फिन बरोबर मध्ये ठेवायची. मागे सरकवली की बोर्ड सरळ, शांत जातो, वळायला जड होतो. पुढे घेतली की शेपूट मोकळी होते, लवकर वळते, पण फार पुढे गेली तर मागचा भाग घसरायला लागतो. पाव इंचाचाही फरक पायाला कळतो, त्यामुळे एकदम दोन इंच हलवत जाऊ नकोस.

एका फिनला कोन द्यायचा नाही. ना टो, ना कल. नाकापासून शेपटीपर्यंतच्या मधल्या रेषेत सरळ आणि तळाला काटकोनात उभी. ऐकायला सोपं, करायला मात्र इथेच सगळी कसोटी. मधली रेषा डोळ्याने काढायची नाही. खडू लावलेली दोरी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ताणून फटकार. मग चार-पाच ठिकाणी रुंदी मोजून बघ, रेषेपासून दोन्ही कडा सारख्या अंतरावर आहेत का. हाताने घासलेला बोर्ड कुठेतरी थोडा एकांगी असतोच. शेवटच्या दोन फुटांत जिथे दोन्ही बाजू जुळतात, ती रेषा फिनसाठी खरी धर. सहा इंचांच्या पायात एक सूत इकडचं तिकडे झालं तर फिन सव्वा अंशाने वाकडी होते, आणि मग बोर्ड दिवसभर एकाच बाजूला ओढत राहतो. तू समजशील माझा तोल चुकतो, आणि दोष असेल त्या एका सुताचा. नव्याने शिकणाऱ्या मुली अशा वेळी स्वतःलाच बोल लावतात, ते मला बघवत नाही.

तरीही तू म्हणशील, 'ताई, तीन फिन्सचं सांगच.' सांगते, कारण पुढचा बोर्ड तू करणारच आहेस, आणि अर्धवट कळण्यापेक्षा पूर्ण कळलेलं बरं.

बाजूच्या फिन्सचं पुढचं टोक मधल्या रेषेकडे थोडं वळवलेलं असतं, त्याला टो म्हणतात. साडेचार इंचांच्या पायाची फिन असेल तर पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा दोन सूत आत. तो कोन होतो तीन अंशांच्या जरा वर. एक सूत आत घेतलंस तर दीड अंश. बघ, सुताराच्या पेन्सिलीची जाड रेघच जवळपास अर्ध्या सुताची असते, म्हणून इथे रेघ मारायला टोक केलेली पेन्सिल किंवा सुई वापर. टो वाढवला की बोर्ड पायाच्या इशाऱ्याला लगेच वळतो आणि सरळ जाताना मंदावतो. टो कमी केला की वेग राहतो, वळण सुस्त होतं. पडताळायला एक दोरी घे, फिनच्या रेषेवरून नाकापर्यंत ताण. सहा-सात फुटांच्या बोर्डावर दोन सूत टो असेल तर दोरी नाकाच्या टोकाशी मधल्या रेषेपासून अडीच-तीन इंच बाजूने जाते. महत्त्वाचं हे की उजवी आणि डावी दोरी सारख्याच अंतराने गेली पाहिजे. दोन्ही बाजूंना दीड सूत टो असेल तर बोर्ड चालेल. एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन असेल तर चालणार नाही. खरं माप किती यापेक्षा दोन्ही माप एक आहेत का, याला जास्त महत्त्व दे.

दुसरा कोन कलण्याचा, त्याला इथे सगळे कँट म्हणतात. बाजूच्या फिन्स तळाला अगदी काटकोनात उभ्या नसतात, टोकं जरा बाहेर झुकलेली असतात, पाच-सहा अंश. याचं कारण सुंदर आहे. तू उजवीकडे वळताना बोर्ड उजव्या कडेवर कलतो, तेव्हा बाहेर झुकलेली उजवी फिन पाण्यात जास्त उभी होते आणि खोल पकडते. म्हणजे ज्या फिनवर भार येतो तीच त्या क्षणी सरळ झालेली असते. कल अजिबात नसेल तर सरळ वेग चांगला, पण वळणात ती साथ कमी. मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरत नाही, हात थरथरतो. जाड पुठ्ठ्याचा त्रिकोणी तुकडा काप: साडेचार इंच उंचीवर अर्धा इंच बाहेर. झाले सहा अंशांपेक्षा थोडे जास्त. तो तुकडा फिनला टेकवून दोन्हीकडे एकच वापर. आणि तो तळाच्या वळणावर टेकवू नकोस. तुझ्या तळाला शेपटीकडे किंचित पाखं आहे, तिथे टेकवलास तर कोन खोटा येईल. बोर्डावर आडवी सरळ पट्टी ठेवायची आणि त्या पट्टीपासून मोजायचं.

जागेचं एवढंच लक्षात ठेव की तिन्ही फिन्स जवळ आणल्या की वळण लहान आणि चपळ होतं, लांब पसरल्या की लांबलचक, वेगाचं वळण मिळतं. लांब बोर्डावर सगळं थोडं पुढे सरकतं. एवढं पुरे. बाकीचं त्या बोर्डाच्या वेळी.

फिन कशाची करायची, हे तू विचारलं होतंस. मरीन प्लाय घे, आयएस ७१० असा शिक्का बघून घे. साधा प्लाय खाऱ्या पाण्यात फुगतो आणि थर सुटतात. जाडी पाऊण इंचाच्या आतली चालेल. प्लायचा एक फायदा असा की कड घासत गेलीस की थरांच्या रेघा दिसायला लागतात, डोंगराच्या नकाशावर असतात तशा. त्या रेघा दोन्ही बाजूंना सारख्या वळल्या तर घासणं सारखं झालं, वेगळ्या मोजमापाची गरज नाही. पुढची कड गोलसर, सगळ्यात जाड भाग पुढून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, आणि तिथून मागे उतरत पातळ. मधल्या फिनला दोन्ही बाजू सारख्या फुगीर हव्यात. तीन फिन्सच्या बोर्डात बाजूच्या दोघींची आतली बाजू बहुधा सपाट ठेवतात, त्या मात्र तुझ्या फिनसारख्या दोन्हीकडून घासू नयेत. मागची कड जाड राहिली तर वेगात फिन गुणगुणते, खरोखर आवाज येतो. मग कानस घेऊन कड बारीक करायची. पण सुरीसारखी नको, एवढं माझं ऐक. शिकताना बोर्ड अंगावर येतो, आणि पायाला, बरगडीला लागते ती फिनच. कड दोनेक मिलिमीटर ठेव आणि बोटाने फिरवून बघ, टोचता कामा नये. वेगातला तो फरक तुला या वर्षी कळणारही नाही.

मागे झुकलेपणाविषयीही एक वाक्य: फिन मागे जास्त झुकली की वळण लांब आणि गुळगुळीत, उभी राहिली की जागच्या जागी गिरकी. साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो या अमेरिकन माणसाने ट्यूना माशाची शेपटी बघून पातळ, मागे झुकलेल्या, लवचीक फिन्स केल्या आणि तेव्हाच्या रुंद, जाड फिन्स मागे पडल्या. तुझ्यासाठी मध्यम झुकाव, फार शैली नको.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सांगायला बसले. तुला फिन चिकटवूनच टाकायची होती, कारण चिकटवलेली मजबूत आणि दिसायला देखणी. दोन्ही खरं. पण हा बोर्ड वर्धा स्टेशनवर चढणार, महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरला उतरणार आणि तिथून गाडीच्या टपावर घाट उतरून माझ्याकडे येणार. सात फुटी फळीला खाली सात इंचांचं उभं पातं चिकटवलेलं असेल तर ते पहिल्याच हमालाच्या हातून जाईल, आणि जाताना तळाची फळी घेऊन जाईल. निघणारी फिन पिशवीत येते. दुसरं, चिकटवलेल्या फिनपाशी शिकणं थांबतं. कोन पटला नाही तर तू म्हणशील, असू दे, आता होणार नाही. आणि मला तुझं 'असू दे' नको आहे.

बॉक्स बसवताना आपल्याकडची हवा लक्षात घे. वर्ध्याचं लाकूड कोरडं, इथली हवा खारट, ओली. इथे आल्यावर लाकूड फुगणार. खोबणीसाठी खोदलेल्या खाचेत बॉक्स ठोकून घट्ट बसवू नकोस, चारी बाजूंनी अर्धा-अर्धा सूत जागा सोड, ती रेझिनने भरू दे. खाचेच्या आतल्या प्रत्येक उघड्या लाकडाला आधी रेझिनचा हात दे, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं आणि आत सडत राहतं, बाहेरून दिसतही नाही. ऑक्टोबरच्या उन्हात इपॉक्सी भराभर तापते. सकाळी सातच्या आत काम कर, सावलीत, थोडं-थोडं कालवून. वाटीत जास्त ठेवलंस तर वाटीच गरम होऊन माल घट्ट होईल. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर दिलेलं असेल तेच, काट्यावर तोलून. 'जरा जास्त हार्डनर, लवकर वाळेल' हा विचार मनात आणू नकोस. हातमोजे घाल, तोंडाला मास्क बांध, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरू नकोस.

बॉक्स बसवल्यावर तो वाळेपर्यंत फिन त्यात लावून ठेव, गुण्या टेकवून काटकोन बघ, दोरी लावून रेषा बघ, दर दहा मिनिटांनी पुन्हा बघ. रेझिन घट्ट होताना बॉक्स हळूच कलतो. बॉक्सच्या तोंडाला आधी चिकटपट्टी लाव, म्हणजे खोबणीत माल उतरणार नाही.

इथे आलीस की पहिले दोन-तीन दिवस फिनला हात लावायचा नाही. बोर्ड कसा आहे ते आधी अंगात उतरू दे. मग एका वेळी एकच बदल, पाव इंच, आणि संध्याकाळी वहीत लिही: लाट केवढी, फिन कुठे, काय वाटलं. शेपूट सुटत असेल तर मागे घे. वळताना ढकलावं लागत असेल तर पुढे. दोन्ही करून पटलं नाही तर मग फिनचीच उंची कमी-जास्त करू, प्लायचा तुकडा उरला असेल तो घेऊन ये.

पाण्यात मी सोबत असेन. पायाला दोरी बांधल्याशिवाय आणि जीवरक्षक हजर असल्याशिवाय उतरायचं नाही. गर्दीत घरचा बोर्ड न्यायचा नाही, बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात जायचं. आईला अजून सांगितलं नसशील तर आज सांग. ती चिडेल ती समुद्राला घाबरून, तुझ्या फळीवर तिचा राग नाही. तिला अंगणात घेऊन जा, दोरी कशी ताणतात ते दाखव, खडूच्या दोरीचं एक टोक तिच्या हातात दे. तिने आयुष्यभर कापडावर सरळ रेघ मारली आहे, तिच्या नजरेला तुझ्या आधी वाकडं दिसेल. मला बाबांपेक्षा तिच्या नजरेचा भरवसा जास्त.

डबा उघडायच्या आधी मधल्या रेषेचा आणि खोबणीच्या खुणांचा फोटो पाठव, पट्टी शेजारी ठेवून, वरून सरळ काढलेला. मी बघून हो म्हणेन तेव्हाच पटाशी उचल. आणि तिकीट काढलंस की कळव. फिनचे स्क्रू दोन जास्तीचे आण, वाळूत एक हमखास हरवतो.